माशावर माशी बसली: मुलांना ‘वर’ वाक्यात वापरायला कसं शिकवायचं

गेल्या पावसाळ्यात दुसरीतल्या एका मुलीनं वहीत लिहून आणलं, “बाजारात मासावर माशी बसली.” तिच्या आईनं ‘मासावर’खाली तांबडी रेघ मारून बाजूला ‘चूक’ लिहिलं होतं. काय चुकलं, ते लिहिलं नव्हतं. मुलीला वाटलं, ‘वर’च चुकला. दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त करून घेऊन आली, “बाजारात मासात माशी बसली.”

‘वर’ तिला अगदी व्यवस्थित येत होता. अडलं होतं ते ‘वर’च्या आधी. ‘मासा’चा ‘माशा’ झाला नव्हता. मराठी शिकणाऱ्या मुलांच्या ‘वर’च्या चुका मी बारकाईनं पाहायला लागले, तेव्हा दहातल्या आठ तरी अशाच निघाल्या. ‘वर’चा अर्थ मुलांना रांगायच्या वयातच कळलेला असतो, फळीवरचा डबा पाडतात तेव्हाच. शिकवायचं असतं ते आधीच्या शब्दाचं वळण, आणि तेही व्याकरणाची भीती न घालता.

मी गोव्यात डिचोली तालुक्यात राहते, संध्याकाळी घरी सात-आठ मुलं शिकायला येतात. निम्म्यांच्या घरी कोकणी बोलतात, एकीच्या घरी कानडी. त्यांच्याबरोबर चुकतमाकत जी रीत बसली, ती इथं सांगते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना ती चालते.

पहिला आठवडा वही बंद

एक करवंटी आणि एक चिंचोका घ्या. करवंटी पालथी घाला, चिंचोका तिच्या पाठीवर ठेवा आणि विचारा, “चिंचोका कुठं आहे?” मूल बोट दाखवेल, “थंय” (कोकणीत ‘तिथं’) म्हणेल किंवा नुसतंच “वर” म्हणेल. यातलं काहीच चूक नाही, पण आपल्याला पुरं वाक्य हवं आहे. म्हणून प्रश्न बदला: “चिंचोका कशावर आहे?” आता उत्तर आपोआप “करवंटीवर” येतं. ‘कशावर’ हा या सगळ्या शिकवणीतला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. ‘कुठं’ विचारलं की मूल हात करून सुटतं, ‘कशावर’ विचारलं की त्याला वस्तूचं नाव घ्यावंच लागतं, आणि नाव घेतलं की ‘वर’ त्याला चिकटतोच. माणसं-जनावरं असतील तर ‘कुणावर’.

मग करवंटी उताणी करा. चिंचोका आता करवंटीत. तीच करवंटी, तोच चिंचोका, पण पालथीवर ‘वर’ आणि उताणीत ‘त’. हा फरक सांगून कळत नाही इतका उलथापालथ करून कळतो. ‘खाली’ आणि ‘जवळ’ दोन-तीन दिवसांनी आणा. चारही एकदम आणले की मुलं अंदाजानं उत्तरं फेकायला लागतात.

चौथ्या दिवसापासून चिंचोका मुलानं ठेवायचा आणि उत्तर आपण द्यायचं, तेही मुद्दाम चुकीचं. “चिंचोका करवंटीखाली आहे.” “ना टीचर, वर!” “वर म्हणजे कशावर?” “करवंटीवर!” मोठ्या माणसाची चूक पकडण्यात मुलांना जी मजा येते, ती दुसऱ्या कुठल्या खेळात येत नाही. दहा मिनिटं पुरेत. मूल कंटाळायच्या आधी थांबा.

करवंटीच का, हेही सांगते. ‘करवंटी’ला ‘वर’ लावताना शब्द बदलत नाही. खुर्ची, चटई, उशी, पाटी, टोपी, पायरी, होडी, छत्री, सगळ्या ईकारान्त बायका सरळ स्वभावाच्या: खुर्चीवर, चटईवर, उशीवर. पहिल्या आठवड्यात याच वस्तू घ्या. मुलाच्या तोंडात ‘कशावर, अमुकवर’ हा ताल आधी बसू दे. पहिल्याच दिवशी ‘घोडा’ आणला तर मूल ‘घोडावर’ म्हणणार, आपण टोकणार, आणि खेळ तिथंच मोडणार. माझा मोडला होता.

टेकलेलं आणि न टेकलेलं

गोव्यात हे शिकवायला चवथीसारखी संधी नाही. गणपतीच्या डोक्यावरती लाकडी चौकट टांगतात, तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, कांगलां, रानातली फळं-पानं बांधतात, ती माटोळी. मुलांना विचारा, “माटोळी कुठं असते?” बहुतेक जण म्हणतात, “गणपतीवर.” मग विचारा, “आणि दुर्वा कुठं असतात?” तेही “गणपतीवर”. थोडा वेळ गप्प बसा. कुणीतरी हसतंच, कारण त्याच्या डोळ्यांसमोर नारळासकट माटोळी मूर्तीवर आलेली असते.

दुर्वा गणपतीवर, माटोळी गणपतीच्या वर. टेकलेलं असलं तर ‘वर’ शब्दाला चिकटतो, मध्ये हवा असली तर ‘च्या’ येतो आणि ‘वर’ सुटा होतो. पंखा टेबलाच्या वर, पेला टेबलावर. हा नियम मुलांना फार आवडतो, कारण तो डोळ्यांनी तपासता येतो.

नियम आवडला की मुलं त्यात भोकं पाडतात. चौथीतल्या एका मुलानं विचारलं, “मग मांडवीवर पूल कसा? तो पाण्याला कुठं टेकलाय?” बरोबर आहे त्याचं. नदीवर पूल असतो, रस्त्यावर कमान असते, शेतावर ढग येतात. मी त्याला म्हटलं, पूल नदीला आरपार झाकतो, म्हणून भाषेनं त्याला टेकल्यात जमा धरलं. पुरतं समाधान झालं नाही त्याचं, माझंही नाही, पण त्यातून एक छान वाक्य मिळालं. पणजीला मांडवीवर आज तीन पूल आहेत, तिसरा अटल सेतू २०१९ साली सुरू झाला. त्यांच्याआधी जो एकटाच पूल होता, तो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. फळ्यावर लिहिलं: “पूल नदीवर होता. पूल नदीत पडला.” ‘वर’ आणि ‘त’ यांचा याहून चांगला धडा मला पुस्तकात सापडलेला नाही. मुलं घरी जाऊन आजीला त्या पुलाचं विचारतात आणि दुसऱ्या दिवशी फेरीबोटीच्या गोष्टी घेऊन येतात.

सांजांवचंही, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या सेंट जॉनच्या सणाचंही, असंच. २४ जूनला डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट), विहिरीत उडी. अदलाबदल करून पाहा म्हणावं.

घरची कोकणी आडवी येते का?

येते, पण त्याहून जास्त मदत करते. हे मला उशिरा कळलं. आधी मी ‘मेजार’ ऐकलं की लगेच टोकायची. आमच्याकडे दोन्ही भाषा देवनागरीत, त्यामुळे मुलांच्या वहीत त्या एकाच ओळीत शेजारी बसतात: “मेजार पुस्तक आहे.” मोठ्यांना त्यात गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यापासूनचा सगळा कोकणी-मराठी वाद दिसतो. मुलाला फक्त मेजावरचं पुस्तक दिसत असतं.

आता ‘मेजार’कडे नीट बघा. मेज, मेजा, मेजार. शब्दाचं वळण त्या मुलानं आधीच घेतलेलं आहे. शेवटच्या ‘र’च्या जागी ‘वर’ ठेवलं की काम झालं. मेजार, मेजावर. रस्त्यार, रस्त्यावर. घोड्यार, घोड्यावर. वाटेर, वाटेवर. हातार, हातावर. माडार, माडावर. कोकणी बोलणारं मूल ‘घोडावर’ म्हणालं तर मी आता दुरुस्त करत नाही, “घरी काय म्हणतोस?” एवढंच विचारते. तो म्हणतो “घोड्यार”, थांबतो, आणि आपण होऊन “घोड्यावर” म्हणतो. व्याकरणाची पाच पानं वाचतात.

मात्र एक खड्डा आहे. काही घरांत ‘मेजाचेर’ म्हणतात. ती मुलं मराठीत ‘मेजाच्यावर पुस्तक आहे’ लिहितात. त्यांना माटोळीची आठवण द्यायची: पुस्तक हवेत आहे की मेजाला टेकलंय? आणि ‘कदेलार’चं ‘कदेलावर’ केलं तर वळण बरोबरच आहे, फक्त वस्तूचं नाव बदलायचं आहे, खुर्ची. त्याला चूक म्हणू नका.

कानडी बोलणाऱ्या मुलीला हा पूल नव्हता. तिला पुढचा भाग सावकाश करून घ्यावा लागला.

शब्दाचं वळण

इथं घाई करू नका. एका आठवड्यात एकच गट. ‘सामान्यरूप’ हा शब्द मी चौथीपर्यंत उच्चारत नाही. मुलांना सांगते, ‘वर’ हा पाहुणा आहे, तो येतो म्हटलं की काही शब्द कपडे बदलतात.

सरळ शब्दांचे कपडे आपण पाहिले, ते बदलतच नाहीत. त्यानंतर डोंगर, दगड, माड, झाड, पान, घर. यांना फक्त काना लागतो: डोंगरावर, दगडावर, माडावर. “पाडेली माडावर चढला” (पाडेली म्हणजे नारळ पाडणारा) हे वाक्य आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे लगेच तोंडात बसतं.

मग घोडा, रस्ता, डबा, आणि तळं, डोकं, खोकं. हे सगळे ‘या’ घेतात: घोड्यावर, डब्यावर, तळ्यावर, डोक्यावर. याच गटात आपला मासा. ‘सा’नं संपणारे शब्द ‘या’ घेताना ‘श’ होऊन जातात: मासा माशावर, ससा सशावर, पैसा पैशावर. आणि म्हापसा? म्हापशाला, म्हापशात. शुक्रवारी आईबरोबर म्हापशाच्या बाजारात जाणाऱ्या मुलाला हे ‘श’ शिकवायची गरजच नसते, त्याला फक्त दाखवून द्यायचं की मासाही म्हापशासारखाच वागतो. काका, मामा आणि राजा मात्र हट्टी, ते बदलत नाहीत: मामावर, राजावर. मुलं हे ऐकून खूश होतात. राजानं का बदलावं, असं त्यांचं म्हणणं.

खरी अडचण बायकी शब्दांची, ज्यांच्या शेवटी ‘अ’ असतो. वाट आणि भिंत दिसायला सारख्या, पण वाटेवर आणि भिंतीवर. मुलानं ओळखायचं कसं? युक्ती सोपी आहे: आधी दोन म्हणून बघायचं. एक वाट, दोन वाटा. शेवटी ‘आ’ आला, म्हणजे वाटेवर. एक भिंत, दोन भिंती. ‘ई’ आली, म्हणजे भिंतीवर. खाट, खाटा, खाटेवर. मान, माना, मानेवर. चूल, चुली, चुलीवर. विहीर, विहिरी, विहिरीवर. ही युक्ती मी पाठ करून घेत नाही, बोटांवर करून घेते: एक बोट, दोन बोटं, मग टाळी. वाट, वाटा, टाळी, वाटेवर. तिसऱ्या दिवशी मुलं टाळीशिवायच बरोबर सांगतात.

वीट याच गटातली. वीट, विटा, विटेवर. साखळीजवळच्या विठ्ठलापूरला जाऊन आलेल्या मुलाला “विठोबा कशावर उभा आहे?” असं विचारा. वळण त्याला पाठच असतं. आणि इथंच त्याला दाखवा की ‘वी’ची ‘वि’ झाली. शब्द लांबला की पहिलं अक्षर आखडतं: जीभ जिभेवर, फूल फुलावर, चूल चुलीवर. बोलताना हे आपोआप होतं, लिहिताना तेवढं बघायला लागतं.

उरले विंचू, माणूस, पाऊस, पाऊल, देऊळ, लाडू. विंचवावर, माणसावर, पावसावर, पावलावर, देवळावर. हे नियमानं शिकवायच्या नादी लागू नका. गोष्टीत आले की ऐकू द्यायचे. ‘लाडवावर’ म्हणणारी मुलं आता थोडीच, बहुतेक ‘लाडूवर’ म्हणतात. मी त्यावर भांडत नाही. तसंच टेबलवर आणि टेबलावर, सायकलवर आणि सायकलीवर. परभाषेतून आलेला शब्द घरी कसा बोलतात ते बघा. ‘मोबाईलवर’ला तर कुणीच ‘मोबाईलावर’ म्हणत नाही.

वही उघडल्यावर

तोंडी नीट बोलणारं मूल लिहिताना तीन ठिकाणी अडखळतं. पहिलं म्हणजे ‘वर’ तोडून लिहितं: ‘झाडा वर’. यात मुलांपेक्षा आपला दोष जास्त. फोनवर टंकताना आपणच जागा सोडतो आणि मुलं तेच वाचतात. मुलाला विचारा, “नुसता ‘झाडा’ असा शब्द आहे का?” नाही. मग त्याला एकटा सोडायचा कसा? सुटा ‘वर’ दोनदाच: माटोळीसारखा मध्ये ‘च्या’ आला तर, किंवा तो कुणाला धरून नसतो तेव्हा: “वर बघ”, “पतंग वर गेला.”

दुसरा टिंब. ‘कौलावर मांजर’ म्हटलं तर एका कौलावर, ‘कौलांवर मांजर’ म्हटलं तर छपरावर. हा अनुस्वार बोलण्यात नीट ऐकू येत नाही, म्हणून चित्र काढून शिकवा. एक झाड, एक माकड: झाडावर. तीन झाडं, पाच माकडं: झाडांवर. मला हा टिंब दिसला नाही की फार राग येतो, हे कबूल करते, पण तो पहिलीच्या मुलावर काढायचा राग नव्हे.

तिसरं, वाक्य वाढवताना. “मांजर दगडावर बसलं.” आता दगड कसला? मोठा. मूल लिहितं, “मांजर मोठा दगडावर बसलं.” पाहुणा आला की शब्द कपडे बदलतो, आणि त्याचा हात धरून आलेलाही बदलतो. मोठा दगड, मोठ्या दगडावर. आमचं घर, आमच्या घरावर. काळी गाय, काळ्या गायीवर. यासाठी रिकाम्या जागा भरायला देऊ नका. ‘टेबल___ पुस्तक आहे’ छापाचे प्रश्न मूल डोळे मिटून सोडवतं, कारण उत्तर एकच असतं. त्याऐवजी दोन शब्दांचं वाक्य द्या आणि ते रोज एका शब्दानं वाढवा. “कोंबडा आरवला.” “कोंबडा कौलांवर आरवला.” “कोंबडा शेजाऱ्यांच्या कौलांवर आरवला.” “कोंबडा पहाटे शेजाऱ्यांच्या कौलांवर आरवला.” “तांबडा कोंबडा पहाटे शेजाऱ्यांच्या कौलांवर आरवला.” आठवडाभरात मुलाच्या लक्षात येतं की वाक्य हे आपल्याला हवं तेवढं लांबवता येतं. माझ्याकडच्या एकानं कोंबड्याचं वाक्य अकरा शब्दांपर्यंत नेलं आणि शेवटी कोंबडा कापला.

जागा नसलेला ‘वर’

हे आठव्या-नवव्या वर्षी. त्याआधी नको. “आम्ही मिरामारला समुद्रावर गेलो” या वाक्याचं चित्र काढायला सांगितलं, तर एका मुलानं स्वतःला लाटांवर उभं केलं. टेकलेलं म्हणजे ‘वर’, हे त्याला मीच शिकवलं होतं. समुद्रावर म्हणजे काठावर, विहिरीवर पाणी भरायचं म्हणजे विहिरीच्या कट्ट्यापाशी, हे वेगळं सांगावं लागतं. त्याच दिवशी मी म्हटलं, “उद्या वेळेवर या,” आणि किनाऱ्याकडची एक मुलगी चमकली. कोकणीत वेळ म्हणजे समुद्रकिनारा, ‘वेळेर’ म्हणजे किनाऱ्यावर. तिला वाटलं, शिकवणी उद्या मिरामारला.

राग, प्रेम, विश्वास, नजर हेही ‘वर’ घेतात. इथं सर्वनामं येतात आणि ‘मीवर’ची भीती असते. कोकणीतला ‘म्हजेर’ इथं पुन्हा मदतीला धावतो: माझ्यावर, तुझ्यावर, तिच्यावर, आमच्यावर. मी एक खेळ घेते, ‘कोण कुणावर’. चिठ्ठ्यांवर घरातल्यांची नावं, दुसऱ्या चिठ्ठ्यांवर रागावणं, भुंकणं, विसंबणं, हसणं. दोन उचलायच्या आणि वाक्य करायचं. “आजी टीव्हीवर रागावली.” “कुत्रा मामावर भुंकला.” ‘हसणं’ची चिठ्ठी आली की थांबा: आपण माणसाला हसतो, विनोदावर हसतो. असे बारकावे मुलं ऐकून घेतात, पण लक्षात खेळामुळेच राहतात.

‘वरून’ला फार वेळ लागत नाही. ‘वर’ पक्का झाला की निघणं, पडणं, उतरणं घेऊन दोन दिवसांत होतो: माडावरून नारळ पडला, पुलावरून बस गेली.

चूक ऐकली की

‘चूक’ असं लिहून सोडू नका. वाक्यातला नेमका तुकडा धरून प्रश्न करा: “कशावर?” बहुतेकदा मूल दुसऱ्यांदा बरोबर म्हणतं. नाही म्हटलं, तर आपण बरोबर वाक्य सहज बोलण्यात आणायचं, “हो ना, माशावर माशी बसली की मला पण किळस येते,” आणि पुढं जायचं. एका संध्याकाळी एकच गोष्ट दुरुस्त करायची. मी हे पाळते असं नाही, पण पाळलं त्या दिवशी मुलं जास्त बोलतात.

शेवटची चाचणी म्हणून मी कागद देत नाही. घरी जेवताना काय दिसलं, ते ‘वर’ घालून सांगायचं, एवढंच. मासावाल्या त्या मुलीनं आणलेलं असं होतं: “आजी पाटावर बसली. माशी ताटावर बसली. आजी माशीवर रागावली. माशी ताटावरून माशावर गेली.”